उजाडेपर्यंतचा गुरुवार

माझी बायको शुक्रवारी गेली असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं आहे. तिची आई म्हणते, गुरुवारी गेली. वेळेबद्दल दोन्हीकडे वाद नाही. मध्यरात्र उलटून गेली होती आणि उजाडायला अजून अवकाश होता. कागदावरचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो, सासूबाईंचा सूर्य उगवल्यावर. ती या दोन्हींच्या मधे गेली, म्हणून तिच्या वाट्याला दोन वार आले.

सुरुवातीला मला हे फार लागलं नाही. बँकेत, गॅसच्या एजन्सीत, ऑफिसात, जिथं जिथं तिचं नाव कमी करायचं होतं तिथं मी शुक्रवारची तारीख लिहीत गेलो. लिहून लिहून ती हातात बसली. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून पंचांग नाही. भिंतीवर कॅलेंडर आणि वडिलांच्या मनगटावर घड्याळ, एवढ्यावर आमचे दिवस ठरायचे. तेव्हा माझा शुक्रवार ठरला आणि दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी भांडुपला सासूबाईंकडे जाऊ लागलो.

त्यांची चाळ टेकडीच्या उतारावर आहे. गल्लीतून पायऱ्या चढत जायचं, आणि शेवटच्या पायरीला लागून त्यांचं दार. मी पोचायचो तेव्हा बांगडा तळायला घेतलेला असायचा, नाहीतर मुडदुशांचं तिखलं. त्या पूर्वी फक्त सोमवार पाळायच्या. लेक गेल्यापासून त्यांनी गुरुवारही धरला होता. त्या दिवशी मासे नाहीत, तिच्या फोटोपुढं दिवा, आणि दुपारनंतर दार लोटून घेतलेलं. शेजारणीनं मला हे सांगितलं, त्यांनी नाही. मला त्या ताट वाढायच्या आणि म्हणायच्या, "आज शुक्रवार ना. जेवा नीट."

मी जेवायचो. मासा गोड लागायचा, याचीही लाज वाटायची. बोलणं व्हायचं ते नळाच्या पाण्याचं, बाजूच्या खोलीत आलेल्या नव्या भाडेकरूचं, त्यांच्या गुडघ्याचं. तिचं नाव निघायचं नाही. मी पोचायचो तेव्हा त्यांचा दिवस संपून गेलेला असायचा, आणि माझा तर संध्याकाळपर्यंत तसाच अंगावर असायचा. आदल्या दिवशी त्या दिव्यापुढं एकट्या बसायच्या तेव्हा मी मुलुंडला कॉम्प्युटरपुढं. एकाच माणसासाठी आम्ही दोघं बसत होतो आणि एकमेकांना भेटत नव्हतो.

दिवस उजाडल्यावर बदलतो हे बायकोचंही मत होतं. मत म्हणजे थट्टा नव्हे, ती तसं जगायची. हे तिला वडिलांकडून आलं होतं. गिरणी बंद पडल्यावर त्यांना विक्रोळीच्या एका कारखान्यात काम मिळालं ते रात्रपाळीचं, आणि पुढं कायम रात्रपाळीच राहिली. ते एकादशी करायचे. मध्यरात्रीनंतर कँटीनमध्ये बाकीचे बसले की त्यांना हाक मारायचे, बारा वाजून गेले रे, सुटली तुझी एकादशी, ये खायला. ते जागचे हलायचे नाहीत. म्हणायचे, "सूर्यानं कार्ड पंच केल्याशिवाय दिवस बदलत नाही." हे वाक्य तिनं मला ऑफिसातल्या आमच्या ओळखीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. नंतर सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

ऑफिस म्हणजे मुलुंडच्या एका औद्योगिक वसाहतीतला गाळा. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची, वर आम्ही काही जण प्रोग्रॅम लिहायचो. बहुतेक कामं कारखान्यांची: हजेरी, पाळ्या, गेटवरची ये-जा. तिच्याकडे आलेलं पहिलं मोठं काम विक्रोळीच्याच एका कारखान्याचं होतं, वडिलांच्या नव्हे, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या. तिथं तक्रार अशी होती की गुरुवारी रात्री कामावर आलेला आणि शुक्रवारी सकाळी सुटलेला माणूस प्रोग्रॅमला दोन दिवसांत अर्धा-अर्धा दिसायचा. दोन्ही दिवशी गैरहजर. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "यांना कोणी सांगितलं बारा वाजता दिवस बदलतो म्हणून?"

इथं आमच्या कामातलं थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅम लिहायच्या भाषेत काही साचे तयारच मिळतात. आकड्यांचा एक, अक्षरांचा एक, वेळेचा एक. त्यांना आम्ही क्लास म्हणतो. वेळेच्या साच्यातून निघालेल्या कुठल्याही वेळेला तुम्ही विचारू शकता, तुझा वार कोणता, तुझी तारीख कोणती, आणि ती सांगते. काही भाषा असे तयार साचे तुम्हाला उघडू देतात. भाषा करणाऱ्यांनी बनवलेला क्लास उघडायचा, त्यात आपलं काहीतरी घालायचं किंवा जे आहे ते बदलायचं, आणि पुन्हा मिटायचा. मग पूर्ण प्रोग्रॅमभर त्या साच्यातली प्रत्येक वस्तू तुमच्या सांगण्याप्रमाणे वागते. नव्यानं तयार होणारी तर वागतेच, पण आधीच तयार होऊन बसलेलीसुद्धा. तिला हे फार आवडायचं. जुन्यांनाही नवं कळतं, ती म्हणायची, माणसांत असं कुठं होतं.

तिनं वेळेचा क्लास उघडला आणि दिवस उजाडल्यावर बदलेल असं लिहिलं. पंचांग समोर ठेवून, मुंबईचा सूर्योदय धरून. सोमवारी संध्याकाळी ते कारखान्यात चालू झालं.

मंगळवारी सकाळी सरांचा फोन वाजला. सर म्हणजे आमच्या गाळ्याचे मालक, आवाज न चढवणारे गृहस्थ. ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. मग फोन ठेवून उभे राहिले.

"कारखान्यात आज सगळे काळा चहा पितायत," ते म्हणाले. "गेटवर दुधाची गाडी अडवून ठेवलीय. वॉचमन म्हणतो, कॉम्प्युटर सांगतोय की सोमवारचं दूध येऊन गेलं."

"आज मंगळवार आहे, सर," मी म्हणालो.

"ते मला माहितीये रे. कॉम्प्युटरला कोणी सोमवार शिकवला?"

ती उभी राहिली. "मी, सर. गाडी आली तेव्हा उजाडलं नव्हतं ना."

गाळ्यात हसू पसरलं, ते बराच वेळ आवरेना. सरसुद्धा हसले, आणि मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. हजेरीसाठी तिनं बदललेला दिवस गेटलाही लागला होता, दुधाला, पाहुण्यांच्या पासाला, वाढदिवसाच्या शुभेच्छांना, सगळ्याला. "तुझ्या बाबांची एकादशी आहे, मान्य," सर म्हणाले. "म्हणून अख्ख्या चाळीला उपास घडवशील?"

हे वाक्य तिला लागलं आणि आवडलंही. तिनं सगळं मागं घेतलं. दोन-तीन दिवस ती भाषेची माहिती वाचत होती, जेवणाचा डबा एका हातानं खात. मग तिला दुसरी सोय सापडली. साचा सगळ्यांसाठी न उघडता एखाद्या फाईलपुरता वाढवता येतो. फाईलच्या वरच्या बाजूला एक ओळ लिहायची, आणि त्या ओळीपासून फाईल संपेपर्यंतच तुमचा बदल चालतो. बाहेर कोणाला त्याचा पत्ता नाही. त्या फाईलमधून बाहेरच्या कोणाला कामाला बोलावलं, तर त्या बाहेरच्यालाही तो दिसत नाही. तो आपला बारा वाजता दिवस बदलतो. हजेरीची फाईल तेवढी उजाडेपर्यंत थांबते.

या वेळी तिनं आधीच्या कशाला हात न लावता नवाच प्रश्न तयार केला. वेळेला विचारायचं, तुझा दिस कोणता? इंग्रजी अक्षरांत, पण शब्द तिच्या घरचा.

"दिस?" सरांनी विचारलं. "साधं डे लिही की."

"डे हे नाव आधीच घेतलेलं आहे, सर."

ते खरंही होतं. सूर्योदयाच्या जागी मात्र तिला पहाटेची एक ठरलेली वेळ धरावी लागली, कारण सूर्याप्रमाणे पगार काढणं कारखान्याला परवडणार नव्हतं. त्याबद्दल ती कुरकुरली. पण ते चाललं. नंतर आमचं लग्न झालं, तिच्याकडे दुसरी कामं आली, आणि हजेरीची ती फाईल कोणी उघडायची गरज पडली नाही.

घरी मात्र तिची सत्ता होती. मुलुंड पूर्वेला आमची भाड्याची खोली होती, पुस्तकांनी भरलेली. पुस्तकं बहुतेक माझी आणि ती कुठं ठेवायची याबद्दलची मतं तिची. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी बारा वाजेपर्यंत जागा राहिलो आणि तिला उठवून शुभेच्छा दिल्या. तिनं एक डोळा उघडला. "अजून झाला नाही. झोप," म्हणाली आणि कूस बदलली. सकाळी ऊन खिडकीच्या गजांवर आलं तेव्हा माझ्यापुढं हात पसरून बसली. रात्री उशिरापर्यंत भांडण लांबलं तर म्हणायची, अजून कालच आहे यार, आज सुरू व्हायच्या आत संपवू. आणि संपवायची. मला अशी सवय झाली की दिवस मुळातच तसा असतो असं वाटू लागलं. तिच्या अवतीभवती मी राहत होतो तेवढ्या जागेत तो तसाच होता.

आजार लांबला नाही. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहिलं तर ते कोणाच्याही आजारासारखं होईल.

ती गेल्यावर काही महिन्यांनी विक्रोळीच्या कारखान्यानं प्रोग्रॅम नव्यानं करून मागितला. सरांनी कामं वाटली. एक नियम त्यांनी घालून दिला: तयार क्लासना हात लावायचा नाही, सगळ्यांसाठीही नाही आणि फाईलपुरताही नाही. नवीन माणूस वाचेल तेव्हा त्याला वाटेल वेळेला हे जन्मतःच येतं, मग तो ते नसलेल्या ठिकाणी शोधत बसेल. त्याऐवजी साधं, बाहेर दिसेल असं लिहायचं. वेळ द्या, दिवस घ्या. नियम बरोबर होता. त्यांच्या जागी असतो तर मीही तोच केला असता.

हजेरीच्या फाईलशी आल्यावर सर थांबले. बाकीचे जेवायला गेल्यावर माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "दुसऱ्या कोणाला देऊ का?"

मी म्हटलं, मीच करतो. आणि मग ते काम सगळ्यात शेवटी ठेवलं. बाकीच्या फाईली संपल्या, गेट झालं, पास झाले, दूध झालं. दुधाशी आलो तेव्हा शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं आता स्कॅनर ठेवलेला असतो. एका दुपारी फक्त हजेरी उरली.

फाईल उघडली. वरती ती ओळ होती, आणि खाली जिथं जिथं रात्रपाळीचा माणूस होता तिथं दिस. मी नवं साधं फंक्शन लिहिलं. जुन्या आणि नव्या उत्तरांची गाठ घालून पाहिली. जुळत होती. आता जुनं पुसायचं एवढंच राहिलं होतं, आणि मी ते पुसत नव्हतो. हे पुसलं की दिवस उजाडल्यावर बदलतो असं मानणारी जगातली एक जागा कमी होणार होती. दुसरी भांडुपला होती. आणि तिथं मी नेमका दुसऱ्या दिवशी पोचत होतो.

मग मी दवाखान्याच्या कागदावरची वेळ टाईप केली. कागद पाहायची गरज नव्हती. सवयीनं फाईलच्या बाहेरच, रिकाम्या खिडकीत टाकली आणि तिला विचारलं, तुझा दिस कोणता? उत्तर आलं की असा प्रश्न मला माहीत नाही. बरोबरच होतं. बाहेर तो कोणालाच माहीत नव्हता. मी पुन्हा फाईलच्या आत आलो, तिच्या ओळीच्या खाली, आणि तिथं विचारलं.

गुरुवारची तारीख आली.

मला हे माहीत होतं की तिथं कोणी बसलेलं नाही. वेळेतून काही तास वजा होतात आणि उरलेल्याची तारीख छापली जाते, कामावर आलेल्या कुठल्याही माणसासाठी व्हायचं तेच. तिनं ते कोणा रात्रपाळीवाल्यासाठी लिहिलं होतं, ज्याची ओळखही तिला नव्हती. स्वतःसाठी नाही. तरी हिशेब तिचा होता आणि तो तिनं मला शिकवायचा प्रयत्न बरेच दिवस केला होता. खाली खोक्यांचं मशीन चालू होतं, जमीन बारीक थरथरत होती. मी ती तारीख वाचत राहिलो.

थोड्या वेळानं माझी प्रश्नाची ओळ खोडली. मग एकेक करून दिस खोडले, आणि शेवटी वरची ओळ. नवं फंक्शन चालवून पाहिलं. कारखान्यात कोणाला काहीच फरक जाणवणार नव्हता, आणि जाणवला नाही.

"झालं?" जाताना सरांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. आणि येत्या गुरुवारी लवकर निघेन असं सांगितलं.

गुरुवारी ऊन उतरायच्या आत मी भांडुपच्या पायऱ्या चढलो. दार लोटलेलं होतं. कडी वाजवल्यावर सासूबाईंनी अर्धं दार उघडलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असावं, काही वाईट बातमी आहे.

"आज कसे तुमी? तुमचो तर शुक्रवार."

"नाही, आई. गुरुवारच," मी म्हटलं. कसं ठरवलं ते सांगायला लागलो असतो तर कॉम्प्युटरपासून सुरुवात करावी लागली असती. त्यांनी विचारलं नाही. दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या.

फोटोपुढं दिवा होता. मी तिथं बसलो, त्याही बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मासे नायत हां आज." मी म्हटलं, माहीत आहे. रात्री काळ्या वाटाण्याची उसळ आणि भात झाला. शुक्रवारी त्या मला वाढून बाजूला बसायच्या, या वेळी स्वतःचं ताटही घेतलं.

जेवता जेवता त्या आपणहून बोलायला लागल्या. नवऱ्याच्या एकादशीचं. ते मला माहीत आहे असं मी म्हणणार होतो, पण पुढचं मला माहीत नव्हतं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळी करून गल्लीत शिरायचे तेव्हा खाली अजून काळोखच असायचा. पुढं इमारती, सूर्य दिसायचा नाही. वरच्या पायरीवरून मात्र रेल्वेच्या पलीकडची मिठागरं दिसतात, तिथं तो आधी वर येतो. लेक तेव्हा शाळेत जाणारी. ती दात न घासता, भाकरीचा तुकडा हातात धरून त्या पायरीवर उभी राहायची. सूर्याची कड दिसली की खाली ओरडायची आणि तुकडा घेऊन धावत सुटायची. बाप अर्ध्या पायऱ्यांवर थांबून तिच्या हातचा तुकडा खायचा, मग दोघं वर यायची.

"काय ओरडायची?" मी विचारलं.

"बाबा, उगवलो," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी ताटात पाणी घेऊन हात धुतला.

इतकी वर्षं तिनं मला वडिलांचं वाक्य ऐकवलं होतं, स्वतःची जागा सांगितली नव्हती. मला ते तिला विचारायचं होतं. का सांगितलं नाहीस? भाकरी कालची असायची की ताजी? एखाद्या दिवशी ढग असले तर काय करायचीस? असे प्रश्न माझ्याकडे एकदम बरेच जमा झाले आणि ते ज्याला विचारायचे ते माणूस तेवढं नव्हतं.

मी त्या रात्री तिथंच राहिलो. दर गुरुवारी राहतो आता. त्या पहिल्या सकाळी जाग आली तेव्हा फोनवर शुक्रवार येऊन बसला होता. सासूबाई बाहेर पायरीवर उभ्या होत्या, पदर खांद्यावर ओढून, मिठागरांच्या दिशेला तोंड करून. मी दारात येऊन उभा राहिलो. पूर्वेला नुसता राखाडी उजेड होता.

"चहा ठेवू काय?" मागं न वळता त्यांनी विचारलं.

"थांबा जरा, आई," मी म्हणालो. "अजून उगवायचाय."

त्या थांबल्या.